मजनू का टिल्ला: तिबेटी जेवण पुढच्या दारी, नेपाळी मागच्या

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो, काही निसटलं तर सांगा. तुम्ही पुण्याहून यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीला आलात, मुखर्जी नगरला खोली आहे. नेपाळी-तिबेटी जेवण खायचं म्हणून मजनू का टिल्ल्याला, उत्तर दिल्लीतल्या तिबेटी वस्तीत, दोनदा जाऊन आलात. दोन्ही वेळा मोमो आणि चाउमीन मागवलं आणि ते ‘कॉलेजबाहेरच्या गाडीवर मिळतं तसंच’ लागलं. नेपाळी थाळी तर कुठे दिसलीच नाही. आता आईबाबा आठवडाभरासाठी येताहेत, आई पूर्ण शाकाहारी, आणि त्यांना एक दिवस काहीतरी वेगळं खायला घालायचं आहे.

मी २००१ पासून दिल्लीत आहे. हॉटेलच्या स्वयंपाकघरात कॉमी, म्हणजे सगळ्यात खालचा मदतनीस, म्हणून लागलो, कांदे सोलण्यापासून सगळं केलं, आता इतरांच्या हॉटेलांचे मेन्यू बसवून देतो. एवढ्या वर्षांत माझ्या शेजारच्या शेगडीवर जवळपास कायम कुणीतरी नेपाळी माणूस उभा होता, आणि सुट्टीच्या दिवशी माझा मुक्काम बहुतेक टिल्ल्यात. त्यामुळे लांबण लागणार आहे. चहा घेऊन बसा.

पत्ता तुम्हाला सापडलेलाच आहे. चुकतंय ते दोन जागी. पहिलं म्हणजे तुम्ही ‘नेपाळी-तिबेटी’ असा जोडशब्द धरून चालला आहात. या दोन स्वयंपाकघरांत मोमो सोडला तर सामायिक फारसं काही नाही, आणि नेमका तो सामायिक पदार्थच तुम्ही दोन्ही वेळा मागवलात. दुसरं म्हणजे टिल्ल्याच्या एकाच गल्लीत दोन तऱ्हेची दुकानं आहेत: वस्तीतल्या माणसांसाठी रांधणारी, आणि मेट्रोने येऊन फोटो काढून जाणाऱ्यांसाठी रांधणारी. बाहेरून दोन्ही सारखीच दिसतात. कधी कधी दुकान एकच असतं, पण सकाळी पहिलं आणि संध्याकाळी दुसरं.

तिबेटी जेवण दिल्लीत एका जागी का सापडतं आणि नेपाळी का नाही, हे कळलं की शोधणं निम्मं सोपं होतं. १९५९ मध्ये दलाई लामा भारतात आले, त्यांच्यामागून हजारो माणसं आली. त्यांतल्या काही कुटुंबांनी साठच्या दशकात यमुनेकाठी हा कॅम्प उभा केला. सरकारी नाव न्यू अरुणा नगर, तिबेटी माणसं सम्येलिंग म्हणतात. (मजनू का टिल्ला हे नाव फार जुनं. ते शेजारच्या गुरुद्वाऱ्यावरून आणि लोदी काळातल्या एका फकिराच्या कथेवरून आलेलं.) म्हणजे इथे अख्खा समाज एकत्र वसला. देऊळ, शाळा, म्हातारी माणसं, लग्नं, सुतक, सगळं तिथेच, त्यामुळे जेवणही तिथेच. एकेकाळी ही वस्ती विद्यापीठाच्या पोरांमध्ये छांगसाठी, म्हणजे घरी आंबवलेल्या दारूसाठी, प्रसिद्ध होती. आज तीच पोरं, म्हणजे त्यांची मुलं, कोरियन रामेनसाठी येतात. हो, टिल्ल्यात आता कोरियन जेवण तिबेटीइतकंच विकलं जातं. ते वाईट नसतं, पण तुमचा प्रश्न तो नाही.

नेपाळी माणूस दिल्लीत असा आलाच नाही. १९५०च्या भारत-नेपाळ कराराने त्याला इथे राहायला आणि काम करायला मोकळीक आहे, तुमच्या नोट्समध्ये असेलच. तो एकटा येतो, कामाच्या जागी राहतो. चौकीदाराच्या खोलीत, हॉटेलच्या स्टाफ क्वार्टरमध्ये, मालकाच्या गच्चीवर. त्याची वसाहत झाली नाही, म्हणून त्याचा बाजारही झाला नाही. दिल्लीत नेपाळी जेवण भरपूर शिजतं, पण ते मेन्यूवर नसतं. दुपारी तीन वाजता, गिऱ्हाईक उठून गेल्यावर, मागच्या बाजूला कुकरमध्ये असतं. आणखी एक: नेपाळी बोलणारा प्रत्येक जण नेपाळचा नसतो. दार्जिलिंग, कालिम्पोंग, सिक्कीमची माणसं भारतीय आहेत. नेपाळी भाषा १९९२ मध्ये कोकणी आणि मणिपुरीबरोबर आठव्या अनुसूचीत आली, हे मी तुम्हाला सांगायला नको. स्वयंपाकातही थोडा फरक पडतो, म्हणून म्हटलं.

आधी तिबेटी जेवण, कारण ते हाताशी आहे.

मोमो काढून टाका. निदान पहिल्या दिवशी. त्याऐवजी थेन्थुक मागवा. थुक्पा हा शब्द आपण सरसकट वापरतो, पण ते नूडलवाल्या सूपचं कुळाचं नाव झालं. बाजारातल्या लांब नूडल घातलेला तो ग्याथुक. थेन्थुक म्हणजे ओढून तोडलेल्या पिठाचा, मूळचा तिबेटच्या आमदो भागातला. तो करताना बघायला मिळाला तर सोडू नका. मैद्याची मऊ मळलेली पट्टी बाई डाव्या मनगटावर टाकते, उजव्या हाताने टोक चपटं करत ओढते आणि अंगठ्याने नखाएवढा तुकडा तोडून उकळत्या पातेल्यात उडवते. टप, टप, टप. मिनिटाला किती पडतात मोजायचा प्रयत्न केला होता, साठच्या पुढे हिशेब चुकला. पहिला तुकडा आणि शेवटचा तुकडा शिजण्यात फरक राहतो, त्यामुळे एकाच वाडग्यात काही तुकडे लोण्यासारखे, काही दाताला लागणारे. आपल्या वरणफळांशी नातं लगेच जुळतं, फक्त इथे वरणाच्या जागी आलं-लसूण-पालकाचं पातळ सूप.

चव फिकी वाटेल. ती तशीच असते. तिबेटी स्वयंपाकात मसाल्याचा डबा जवळजवळ नसतोच. तिखट हवं तर टेबलावर सेपेन ठेवलेलं असतं, लाल मिरचीचा ठेचा म्हणा. ते घालून स्वतःची चव स्वतः लावायची. तुम्ही बहुधा ते बाजूला ठेवून नुसतं सूप प्यायलात आणि ‘यात काही दम नाही’ म्हणालात. बहुतेक मराठी मंडळी हेच करतात. मीही केलं होतं.

थेन्थुकनंतर टिंगमो. वाफवलेला पदर-पदरांचा पाव, स्वतःला चव नाही, रश्श्यात बुडवायचा. मांस खात असाल तर सोबत शाप्ता, म्हणजे पातळ कापांचं मिरची घालून परतलेलं मांस. टिल्ल्यात ‘बफ’ म्हणजे म्हैस, गोवंश नाही, दिल्लीत त्यावर १९९४चा कायदा आहे. तरीही ज्यांना तेही चालत नाही त्यांनी आधी विचारावं, कारण तिबेटी जेवणात ‘मांस’ म्हटलं की चिकन आधी मनात येत नाही. शाकाहारी जोडी हवी तर टिंगमोबरोबर शोगो खात्सा, म्हणजे तिखट बटाटा. फिंग, म्हणजे पारदर्शक शेवया, मशरूम घालून छान लागतात. तव्यावर भाजलेला जाड पाव, बाले, सकाळी मिळतो.

आता लाफिंग. ह्यावर मी थांबणार आहे.

माझं आजोळ सोलापूरकडचं. उन्हाळ्यात आजी गहू तीन दिवस भिजत घालायची, वाटून पिळून चीक काढायची, वर आलेलं पाणी ओतून द्यायची आणि खाली बसलेला पांढराशुभ्र चीक शिजवून कुरडया घालायची. आम्ही पोरं कुरडईपेक्षा गरम चिकासाठी वाटी घेऊन बसायचो. टिल्ल्यात पहिल्यांदा एका बाईंना लाफिंगची तयारी करताना पाहिलं तेव्हा मी अक्षरशः ‘अरे हा तर चीक’ म्हणून मराठीतच बोललो. मैद्याचा घट्ट गोळा पाण्यात चोळून चोळून धुतात. पाणी दुधासारखं होतं. ते ठेवून देतात, वरचं पाणी काढतात, तळाचं पातळ पीठ पिवळा रंग घालून थाळीत ओततात आणि थाळी उकळत्या पाण्यावर तरंगत ठेवतात. दोन-तीन मिनिटांत चकचकीत पातळ चादर. धुऊन उरलेला चिवट गोळा फेकत नाहीत, तो वाफवतात, स्पंजसारखा फुगतो, त्याचे तुकडे करतात.

मग गाडीवर: चादर फळीवर पसरली, मिरचीच्या तेलाचा हात फिरवला, लसणाचं पाणी, सोया सॉस, व्हिनेगर, चिमूटभर अजिनोमोटो, ते स्पंजचे तुकडे, गुंडाळी, चार घाव सुरीचे, वाडग्यात. एवढ्याला एक मिनिटसुद्धा लागत नाही. थंड, निसरडं, आंबट, आणि लसूण असा की संध्याकाळी अभ्यासिकेत शेजारचा उठून जाईल. पांढरं लाफिंगही असतं, ते मुगाच्या सत्त्वाचं, जाड पट्ट्या कापून देतात. मला पांढरं जास्त आवडतं, गर्दी पिवळ्याला असते. दोन्हींत मांस नाही. आईंना अजिनोमोटो चालत नसेल तर ‘अजिनोमोटो मत डालना’ म्हटलं की घालत नाहीत. सगळं समोरच होत असतं.

लाफिंगसाठी एसीवाल्या हॉटेलात जाऊ नका. गल्लीत स्टूल टाकून बसलेल्या बाईंकडे खा. ज्या बाईंपाशी शाळेच्या गणवेशातली तिबेटी मुलं उभी असतील तिथे. मुलांच्या जिभेला फसवता येत नाही, शिवाय त्यांच्याकडे पैसे मोजकेच असतात.

आईंच्या बाबतीत एक इशारा, स्वतःच्या फजितीतून. बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्या आत्या आल्या होत्या. मी ऐटीत एका दुकानात नेलं, नाव सांगत नाही, आणि ‘व्हेज थुक्पा’ मागवला. आत्यांनी दोन घास घेतले, चमचा खाली ठेवला आणि म्हणाल्या, ‘अरे, ह्याला मटणाच्या पाण्याचा वास येतोय.’ मी आत जाऊन विचारलं. पोरगा शांतपणे म्हणाला, ‘भैया, सब्ज़ी तो वेज ही है, पानी हड्डी का है.’ त्याने फसवलं नव्हतं. त्याच्या लेखी मांसाचे तुकडे नाहीत म्हणजे व्हेज. पठारावर, जिथे भाजीपाला फारसा उगवत नाही, तिथल्या माणसाची शाकाहाराची व्याख्या आपल्यासारखी असण्याचं कारणही नाही. आत्यांनी त्या दिवशी फक्त केळी खाल्ली.

तेव्हापासून मी ‘व्हेज आहे का’ हा प्रश्नच विचारत नाही. विचारतो, ‘सूप का पानी किसका है?’ साधं पाणी किंवा भाजीचं म्हणाले तर पुढे. दुसरा प्रश्न मोमोंच्या भांड्याचा. मोमो उकडायच्या भांड्यात चार-पाच थर असतात आणि वरच्या थरातला रस खालच्या थरावर गळतो. वर चिकन, खाली व्हेज असेल तर काय होणार ते कळलंच. चांगल्या ठिकाणी भांडीच वेगळी ठेवतात. नसतील तर व्हेज सगळ्यात वरच्या थरात लावा म्हणायचं, आणि तेही मनाला पटत नसेल तर मोमो सोडून द्यायचे. आई किती काटेकोर आहेत हे तुम्हाला माहीत, मला नाही. माझ्या आत्या भांडंही वेगळं मागतात.

एक वेळ मात्र शाकाहाऱ्यांसाठी सोन्यासारखी असते: सागा दावा, तिबेटी पंचांगातला चौथा महिना, साधारण मे-जून. बुद्धाचा जन्म, ज्ञानप्राप्ती आणि निर्वाण याच महिन्यात धरतात, म्हणून कितीतरी तिबेटी माणसं महिनाभर मांस सोडतात. आपल्या श्रावणासारखं. आईबाबा तेव्हा येत असतील तर काम सोपं. याउलट लोसारला, म्हणजे त्यांच्या नववर्षाला, फेब्रुवारी-मार्चमध्ये जाऊ नका. दुकानं बंद, सगळे घरी किंवा गोम्पात, म्हणजे बौद्ध मठात. १० मार्चलाही शटर खाली असतात. तिबेटमधल्या चीनविरुद्धच्या १९५९च्या उठावाचा तो दिवस, माणसं निदर्शनांना जातात.

तुम्ही कुठल्या वेळी गेला होतात हे लिहिलेलं नाही, पण पैजेवर सांगतो, शनिवार-रविवारची संध्याकाळ. त्या वेळी गल्लीतून दोन माणसं समोरासमोर आली तर एकाने दारात शिरावं लागतं, आणि स्वयंपाकघरात सकाळी वळून ठेवलेल्या मोमोंचा ढीग उपसण्यापलीकडे काही चालू नसतं. चाउमीन मागवलंत तर चाउमीनच मिळणार. मंगळवार-बुधवारी सकाळी दहा ते बारा जा. बुधवारी तर मुद्दाम. बरेच तिबेटी बुधवार ‘ल्हाकार’ म्हणून पाळतात, त्या दिवशी आपली भाषा, आपला पोशाख, आपलं जेवण. गोम्पाच्या चौकात म्हाताऱ्या बायका माळ ओढत बसलेल्या असतात. त्यांच्या आसपासच्या छोट्या खानावळींत डोकवा. मेन्यूकार्ड आधी बघूच नका, टेबलावर काय आहे ते बघा. चार टेबलांपैकी तीनवर तिबेटी माणसं वाडग्यातून काही खात असतील तर तेच बोट दाखवून मागवा. बोलवायचं असेल तर बाईंना ‘आचा-ला’, वयस्कर असतील तर ‘आमा-ला’. आचा म्हणजे ताई. ‘ओ भैया’पेक्षा लवकर लक्ष जातं.

दुकानांची नावं हवी असतील तर डोल्मा हाउस आणि टी डी ही जुनी, माहितीतली नावं आहेत, तिथे बसायला नीट जागा असते. आमा कॅफे नाश्त्यासाठी आणि पॅनकेकसाठी प्रसिद्ध, रांग लागते. पण मी नावांवर फार भर देत नाही. टिल्ल्यात आचारी वर्षा-दोन वर्षांनी बदलतो, कधी त्याला परदेशी जाण्याचे कागद मिळतात, आणि पाटी तीच राहून चव बदलते. म्हणून वर खुणा सांगितल्या.

लोणी-चहा, म्हणजे पोचा, एकदा प्या. खारट असतो. दिल्लीत याकचं लोणी कुठून येणार, साधं लोणी आणि दूध घालून घुसळतात. चहा समजून तोंडाला लावलात तर तोंड वाकडं होईल, पातळ सूप समजून प्या. सोबत त्साम्पा मिळाला तर बघा. भाजलेल्या जवाचं पीठ. मराठीत सातू म्हणजे मुळात जवच, आणि आपण सातूचं पीठ गूळ-दुधात कालवतो तसं ते लोणी-चहात बोटांनी मळून गोळा करून खातात. आईंना हे सांगितलंत की त्यांना परकं वाटणार नाही.

आता नेपाळी.

माझं नेपाळी जेवणाचं शिक्षण कनॉट प्लेसजवळच्या एका हॉटेलच्या तळघरात झालं. तिथे तंदूर सांभाळणारा नेपाळातल्या पोखराकडचा एक दाइ, म्हणजे दादा, होता. स्टाफला मिळणारं जेवण त्याला जायचं नाही, म्हणून आठवड्यातून दोनदा तो स्वतः रांधायचा. उडदाची काळी डाळ कुकरमधून काढायची, लोखंडी कढल्यात तूप तापवायचं आणि त्यात खिशातल्या पुडीतून सुक्या गवतासारखं काहीतरी चिमूटभर टाकायचं. जिंबू. हिमालयातल्या उंचावरची रानटी कांद्याची पात, वाळवलेली. तुपात पडताच कांदा आणि लसूण यांच्या मधला, थोडा धुरकट वास सुटायचा आणि बाकीच्या शेगड्यांवरची माणसं वळून बघायची. तो फोडणीचा चर्र आवाज आला की जेवायचं. भात, ती डाळ, मोहरीचा पाला, मुळ्याचं लोणचं. दुसरं काही नाही. मी चार वाढप घ्यायचो.

त्याच्याच लोणच्यात मी पहिल्यांदा टिमूर चावला आणि जिभेला मुंग्या आल्या. वडिलांकडून आम्ही रत्नागिरीचे, बांगड्याच्या तिखल्यात तिरफळं घालणारे. मी म्हटलं, हे तर तिरफळ. तो म्हणाला, टिमूर. दोघंही बरोबर होतो, एकाच कुळातली दोन झाडं आहेत ती. नेपाळी मोमोसोबतची चटणी म्हणजे टोमॅटो, भाजलेले तीळ आणि हा टिमूर. तिबेटी मोमो सेपेनबरोबर खातात. चटणीत तीळ आणि मुंग्या असतील तर स्वयंपाकघरात नेपाळी हात आहे असं समजा. झोल मोमो, म्हणजे त्याच चटणीच्या पातळ रश्श्यात बुडवलेले, हा तर सरळ काठमांडूचा पदार्थ.

नेपाळी जेवण शोधताना घड्याळ महत्त्वाचं. डाळ-भात दोनदा: सकाळी दहाच्या सुमाराला आणि संध्याकाळी सात-आठला. मधे ‘खाजा’, म्हणजे चिउरा, मोमो, चाउमीन, समोसा. (चिउरा म्हणजे पोहे, आणि शब्द ऐकून चिवडा आठवला तर बरोबरच आहे.) तुम्ही दुपारी दोनला नेपाळी खानावळीत शिरून थाळी मागितलीत तर तो खाजाच देणार, आणि तुम्ही म्हणणार नेपाळी थाळी मिळतच नाही.

जागा म्हणाल तर टिल्ल्यात मुख्य हॉटेलांऐवजी कडेच्या गल्ल्यांत, जिथे कामाची पोरं जेवतात तिथे, सकाळी डाळ-भात मिळतो. पाटी नसते. पैशांच्या गल्ल्यापाशी बसलेल्या पोराला ‘दाइ, दालभात कहाँ पाइन्छ?’ विचारा. नेपाळी एवढंच आलं तरी पुरतं, बाकी तो हिंदीत सांगेल. नीट बसून खायचं असेल तर दक्षिण दिल्लीत हुमायूंपूर, सफदरजंग एन्क्लेव्हला लागून. मुळात ईशान्येच्या जेवणाची गल्ली, पण नेपाळी आणि दार्जिलिंगकडचंही तिथे सापडतं. आणि हौज खासकडचं येती हे नेपाळी-हिमाली जेवणाचं नाव असलेलं हॉटेल. ते खिशाला महाग, आईबाबांसाठी ठीक. दोन्ही ठिकाणी जाण्याआधी फोन करा, दिल्लीत हॉटेलं कुणाला न सांगता बंद होतात.

मेन्यूवर ‘थकाली थाली’ दिसली तर ती घ्या. थकाली हे नेपाळातल्या मुस्तांगच्या खोऱ्यातले, मिठाच्या वाटेवरचे व्यापारी. वाटसरूंना जेवू घालण्यात त्यांची हयात गेली, म्हणून नेपाळात आजही थाळी म्हणजे थकाल्यांची असं मानतात. शाकाहारी थाळीत डाळ, भात, साग म्हणजे पालेभाजी, गुंद्रुक, लोणची. गुंद्रुक म्हणजे मोहरीचा किंवा मुळ्याचा पाला आंबवून वाळवलेला. पहिल्या घासाला पावसात राहिलेल्या गोणपाटाचा वास येतो आणि तिसऱ्या घासापासून सोडवत नाही. भाताऐवजी ढिंडो मिळतो, कोदो किंवा फाफराच्या पिठाचा. फाफर म्हणजे कुट्टू आणि कोदो म्हणजे त्यांची नाचणी, त्यामुळे कोकणातल्या माणसाला तो उकडीसारखा ओळखीचा. आलू-तामा मागवा: बटाटा, चवळी आणि आंबवलेले बांबूचे कोंब. आई-बाबा राखी पौर्णिमेच्या सुमाराला आलेच तर क्वाँटी विचारा, नऊ मोडांच्या कडधान्यांची आमटी, त्याच दिवसाचा पदार्थ आहे. आपल्याकडे त्या दिवशी नारळीभात, त्यांच्याकडे ही.

एवढं वाचून डोकं फिरलं असेल, तर आईबाबांचा दिवस मी असा लावला असता. आठवड्याच्या मधला वार. सकाळी साडेनऊला विधानसभा मेट्रो किंवा तुमच्याकडून थेट ऑटो, हमरस्त्यावरच्या पादचारी पुलावरून पलीकडे, वडिलांचे गुडघे दुखत असतील तर ऑटोला त्या बाजूलाच सोडायला सांगा. आधी गोम्पाच्या चौकात दहा मिनिटं नुसतं बसा. मग बाले आणि लोणी-चहा तिघांत एक, आवडला तर दुसरा. पाणी विचारून व्हेज थेन्थुक, टिंगमो, शोगो खात्सा. उठताना गल्लीत लाफिंग, पांढरं. दुपारी शेजारच्या गुरुद्वाऱ्यात लंगर आहेच, पोट भरलं नसेल तर. नेपाळी त्याच दिवशी कोंबू नका, दुसऱ्या संध्याकाळी सातनंतर वेगळं ठेवा.

एक आडवळण. तुम्ही लिहिलंय की तिबेटी जेवण महाराष्ट्रात कुठेच नाही. गोंदिया जिल्ह्यात, अर्जुनी मोरगावजवळ गोठणगावला, नोर्ग्येलिंग नावाची तिबेटी वसाहत १९७२ पासून आहे. धानाची शेती करतात. हिवाळ्यात आपल्या शहरांत स्वेटरांचे स्टॉल लावणारी तिबेटी माणसं तुम्ही लहानपणी पाहिलीच असतील. पुढच्या वेळी त्यांच्याकडे स्वेटर घेताना दुपारच्या डब्यात काय आहे विचारून बघा. मी नागपुरात विचारलं होतं. अर्धा टिंगमो मिळाला, आणि स्वेटरचे पैसे एक रुपयाने कमी झाले नाहीत.

शेवटचं तुम्ही विचारलेलं, पुण्याला काय पाठवता येईल. त्साम्पाचं पाकीट, सेपेनची बरणी नीट बांधून, टिमूर आणि जिंबू मिळाले तर थोडे थोडे. आणि छुर्पी, याकच्या किंवा गाईच्या दुधाचा वाळवलेला चीजचा खडा, दोऱ्यात ओवलेल्या माळा टांगलेल्या दिसतील. बाबांना बजावून ठेवा की ती दातांनी फोडायची नाही, गालात धरायची. नवी दिल्लीला पुण्याच्या झेलम एक्सप्रेसमध्ये बसल्यावर तोंडात टाकली तर मथुरेपर्यंत मऊ पडायला लागते.